पाणी येईपर्यंत : एका महाविद्यालयाच्या शिस्तपालन समितीला खुलं पत्र

प्रति,
प्राचार्य आणि शिस्तपालन समितीचे सदस्य,
मुंबईतलं एक महाविद्यालय

स. न. वि. वि.

तुमच्या महाविद्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही निलंबित केलेला दुसऱ्या वर्षातला तो मुलगा कोण, हे शोधायला कुणाला दोन मिनिटंही लागली नसती. पत्र तुम्हालाच आहे हे तुम्हाला लवकरच कळेल. बाकीच्या कॉलेजांनी ते आपलं समजून वाचलं तरी माझी हरकत नाही. अशी नोटीस काढायची हुक्की उद्या कुणालाही येऊ शकते.

मी भांडुपला राहतो. वय छत्तीस, एका छापखान्यात मशीनवर आहे. नऊ वर्षं गांजा ओढला, पाच वर्षांपूर्वी सोडला. तुमच्या त्या विद्यार्थ्याचा मी नातेवाईक नाही आणि त्याला प्रत्यक्ष कधी भेटलेलोही नाही. आम्ही दोघं मोबाइलवरच्या एका गटात आहोत. गांजा सोडलेली, सोडत असलेली आणि सोडायचं ठरवून रोज पुढे ढकलणारी माणसं तिथे असतात. महिन्यापूर्वीपर्यंत एकोणीस जण होतो, आज आठ आहोत. उरलेले अकरा का गेले, ते सांगायलाच हे पत्र लिहितोय.

घडलं ते असं. मुलाला गांजा सोडून बावीस दिवस झाले होते. झोप तुटक, पुस्तक उघडलं की डोकं चालत नाही, म्हणून तो आपल्या पायांनी तुमच्या समुपदेशन कक्षात गेला. बोलणं गोपनीय राहील अशी पाटी तिथे लावलेली आहे. पाटी वाचून त्याने सगळं सांगितलं, आमच्या गटाबद्दलही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याला स्टाफरूममध्ये बोलावून फोन उघडायला लावला. फोन टेबलावर मधोमध ठेवला, चौघांनी आळीपाळीने वर सरकवत वाचला आणि एका सरांनी स्वतःच्या फोनवर त्या स्क्रीनचे फोटो काढले. मधे चहा आला, मुलालाही विचारला. त्याने घेतला नाही. पुढे आईवडिलांना बोलावणं गेलं आणि आठवड्याने पत्र आलं. सत्र संपेपर्यंत निलंबन. परीक्षेला बसायचं असेल तर लघवीच्या तपासणीचा 'निगेटिव्ह' अहवाल आणावा. शिवाय सगळ्या विद्यार्थ्यांसाठी फळ्यावर नोटीस : अमली पदार्थांविषयी चर्चा होणाऱ्या कोणत्याही ऑनलाइन गटाचं सदस्यत्व आढळल्यास कारवाई होईल.

त्या गटात नेमकी कसली चर्चा होते, हे तुम्हाला चार जणांनी वाचूनही कळलेलं दिसत नाही. म्हणून माझ्यावरून सांगतो.

गांजा सोडलेल्याला पहिल्या आठवड्यात काय होतं ते आता वैद्यकाच्या पुस्तकांतही आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे : चिडचिड, अस्वस्थपणा, भूक मरणं, झोप उडणं, भयंकर स्पष्ट स्वप्नं. एकदोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात टोकाला जातं. दोनेक आठवड्यांत बरंचसं ओसरतं, झोप आणि स्वप्नं मात्र आणखी रेंगाळतात. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. 'गांजाचं व्यसन लागत नाही, ते झाडपाल्याचं आहे' हे मी नऊ वर्षं इतरांना ऐकवलं होतं. त्यामुळे चौथ्या रात्री मला वाटलं, आपल्याला वेड लागतंय.

आमची खोली एकच. बायको आणि आई झोपलेल्या. चादर घामाने ओली. मी उठून मोरीपाशी पाण्याच्या पिंपाला टेकून जमिनीवर बसलो. खिशात पाकीट होतं, स्टेशनच्या पलीकडे पुडी कुठे मिळते ते माहीत होतं. कुणाकडून तरी त्या गटाचा पत्ता मिळालेला, तेव्हा त्यात जेमतेम सात जण होते. दोन वाजून गेले होते. मी लिहिलं, 'कोणी जागं आहे का?'

कल्याणहून एका बाईंचं उत्तर आलं. 'आहे. किती दिवस झाले?'

त्यांनी मला मन खंबीर कर म्हटलं नाही. जेवलास का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, घरात ताक असेल तर भातात कालवून दोन घास खा, चौथ्या दिवशी पोळी गिळवत नाही. स्वप्नात मेलेले वडील आले होते असं मी लिहिलं तर म्हणाल्या, मला पहिल्या महिन्यात रोज परीक्षा असायची आणि मी मराठीच्या पेपरला गणित लिहून यायचे. मग विचारलं, तुमच्याकडे पाणी कधी येतं? मी म्हटलं, पावणेपाचला. 'मग पावणेपाचपर्यंत बोलू. पाणी आलं की पिंप भर, हंडे भर, मग ठरव.' पावणेपाचला नळ घुरघुरला. पिंप भरेपर्यंत आई उठली, एवढ्या पहाटे मला पाणी भरताना बघून तिला काही सुचेना, तिने चहा टाकला. मी त्या दिवशी स्टेशनच्या पलीकडे गेलो नाही.

पाच वर्षं त्या गटात हेच चाललंय. कोजागिरीला लक्ष्मी 'को जागर्ति' विचारत फिरते म्हणतात, आमच्यात ते रोज कुणीतरी विचारतं. फक्त मसाला दूध नसतं. एक निवृत्त बस ड्रायव्हर काका होते, ते पहाटे साडेतीनला उठायची सवय गेलेली नसल्यामुळे शेवटची पाळी सांभाळायचे. तुमच्या मुलाचे बावीसपैकी निदान दहा दिवस तरी त्या काकांच्या पाळीत निघालेत.

आता तक्रारी.

सगळ्यात आधी ती ओळ. तुमच्या पत्रात पुरावा म्हणून मुलाचा एक मेसेज छापलाय : 'आज पुडी हातात होती.' मेसेज मोठा असला की स्क्रीनवर अर्धाच दिसतो आणि खाली 'पुढे वाचा' येतं. सरांनी फोटो काढताना त्यावर बोट लावलं नाही. अर्धा भाग तुम्ही आधीच जगजाहीर केलाय, म्हणून उरलेल्याचा गोषवारा मुलाला विचारून इथे देतो. वर्गमित्राने पुडी दिली. ती मुठीत धरून तो रेल्वेच्या पुलावर उभा राहिला, तीन गाड्या जाऊ दिल्या. मग पुलाखालच्या नाल्यात टाकून दिली आणि हात थरथरत होते म्हणून चौथ्या गाडीलाही चढता आलं नाही. एकविसाव्या दिवशीचा हा मेसेज. त्याच्याखाली सात जणांनी उत्तरं दिली होती. ती उत्तरं तुमच्या पुराव्यात नाहीत.

'माल', 'तलफ', 'घसरलो' हे शब्द सापडले म्हणून तुम्ही गटाला अड्डा ठरवलंत. व्यसन सोडणारा माणूस व्यसनाचं नाव न घेता कसा बोलणार? मधुमेह्यांच्या गटात साखरेचं नाव निघणारच.

तुमची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. अशा गटांत विकणारे शिरतात. आमच्यातही एक शिरला होता, 'क्वालिटी माल' असं लिहून नंबर टाकला. काकांनी सहा मिनिटांत त्याला काढलं. आमच्या चुकाही झाल्यात. दोन वर्षांपूर्वी एकाला कानात आवाज येऊ लागले आणि आमच्यातल्या एका शहाण्याने त्याला 'होतं असं, जाईल' म्हणून सांगितलं. तो शहाणा मी होतो. त्याच्या भावाने त्याला दवाखान्यात नेलं, आम्ही नेलं असतं तर दोन दिवस आधी नेलं असतं. तेव्हापासून नियम आहे. आवाज, भास, छातीत दुखणं किंवा जगणं नको झाल्याचं बोलणं आलं की गप्पा बंद. घरच्या माणसाला उठवायचं, १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतीचा, क्रमांक लावायचा, जवळचं सरकारी रुग्णालय सांगायचं. औषधाचा डोस कुणी कुणाला सांगायचा नाही. कुठून, कितीला, यावर चकार शब्द नाही. हे नियम गटात सगळ्यात वर चिकटवलेले आहेत. तुमच्या चौघांना ते आधी दिसले असणार, कारण त्यांना ओलांडल्याशिवाय खाली जाताच येत नाही.

दुसरी तक्रार लघवीच्या तपासणीची, आणि इथे मला खरंच हसावं की रडावं कळत नाही. दारू काही तासांत, फार तर दिवसाभरात रक्तातून निघून जाते. गांजाचं तसं नाही, त्यातला नशेचा घटक शरीरातल्या चरबीत मुरतो आणि हळूहळू बाहेर पडतो. एखाद्या वेळी ओढणाऱ्याची लघवी काही दिवसांत स्वच्छ येते, रोज ओढणाऱ्याची सोडल्यावर महिनाभर, कधी त्याहूनही जास्त दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे बावीस दिवस एक झुरकाही न घेतलेला मुलगा तुमच्या कागदावर नापास होऊ शकतो आणि महिन्यातून एकदा पार्टीत ओढणारा चार दिवस थांबून पास होऊ शकतो. विज्ञान शाखा आहे ना तुमच्याकडे? खालच्या मजल्यावर जाऊन रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं असतं तरी चाललं असतं.

कायद्याचं तुम्ही पत्रात बरंच लिहिलंय, 'गुन्हा' हा शब्द तीनदा आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा ओढणं हा गुन्हा आहे, कलम २७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मान्य. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला आणि ते पुरे केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या आरोपातून त्याला खटल्यापासून सूट मिळते. इतका कडक कायदासुद्धा मदत मागायला आलेल्यासाठी एक दार उघडं ठेवतो. तुमचं दार मुलगा आत आल्यावर बंद झालं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अमली पदार्थांच्या वापराशी जोडलेले मानसिक त्रास मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलेत, आणि कलम २३ने अशा माणसाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. कॉलेजच्या समुपदेशक मॅडम त्या कायद्याच्या चौकटीत बसतात की नाही, यावर वकील भांडोत. पाटी तुम्हीच लावलीत ना? मग ती पाळायला कलम कशाला हवं?

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे आणि ती मुलाची नाही, आमची आहे. त्या फोटोंमध्ये एकोणीस माणसांचं बोलणं आहे, काहींचे नंबरही. आम्ही कुणीही तुमच्या महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही (दोघं सोडून, आणि ते दोघं त्याच रात्री गटातून गेले). आमच्यात एक रिक्षावाला आहे, एक बँकेत आहे, एक बाळंतपण होऊन चार महिने झालेली मुलगी आहे. तिने गरोदरपणाच्या सातव्या आठवड्यात सोडलं आणि सासरी कुणालाही ठाऊक नाही. ती गेली. काका गेले, त्यांचा नातू तुमच्याच भागात शिकतो. कल्याणच्या बाई गेल्या. त्या शाळेत शिकवतात. पाच वर्षांत त्यांचं नाव मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आता त्यांचा नंबर कुणा सरांच्या फोनमधल्या गॅलरीत पडलाय, नातेवाइकांच्या लग्नाच्या फोटोंशेजारी.

नाव न विचारण्याची ही पद्धत आम्ही काढलेली नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघं दारुडे, एकमेकांशी बोलले आणि त्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. अनामिक राहणं तिच्या नावातच आहे. तिच्या बैठका मुंबईत शाळांच्या आणि चर्चच्या खोल्यांतून कित्येक वर्षं भरतायत. त्याच धर्तीवर १९८९मध्ये कॅलिफोर्नियात गांजा सोडणाऱ्यांची संघटना निघाली. इतक्या लांब जायलाही नको. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्या माणसाला हात देतात. गेलेल्या वाटेवरचे खड्डे त्यांच्या पायाला माहीत असतात म्हणून. गांजाचं व्यसन सोडवायला हमखास लागू पडणारं, मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. आहे ते बोलणं आहे, समुपदेशकाशी आणि सोबतच्या माणसाशी. ते दोन्ही तुम्ही एकाच नोटिशीत धोक्याचं करून टाकलंत.

आणि उरतं काय, तेही बघा. सोडणाऱ्याच्या हातून पुडीच्या आधी कट्टा सुटतो. ज्यांच्याबरोबर ओढायचो तेच मित्र असतात, ते म्हणतात, 'काय बाबा, साधू झालास का?' घरी सांगता येत नाही. घरच्यांच्या लेखी गांजा एकतर होळीच्या भांगेएवढा निरुपद्रवी नाहीतर गंजेडी, फूटपाथवरचा. अधलंमधलं त्यांना ठाऊक नसतं. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भांग, गांजा, चरस मिळून वर्षभरात वापर केलेले सुमारे ३ कोटी १० लाख लोक निघाले, आणि त्यातल्या सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज आहे असं तिच्यात म्हटलंय. हे ७२ लाख अधलेमधलेच आहेत. कामावर जातात, लोकलला लटकतात, तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसतात. रात्री दोनला त्यांना विचारायला एक माणूस हवा असतो, बस.

मला हे मान्य आहे की तुमच्यावरही दडपण असतं. पालक विचारतात, वरून परिपत्रकं येतात, पोलिसांचा फोन येतो. कॅम्पसमध्ये विकणारा सापडला तर त्याला धरा, आम्ही टाळ्या वाजवू. पण विकणारा कधी समुपदेशन कक्षात जाऊन स्वतःचं नाव सांगत नाही. नोटिशीच्या जाळ्यात जो सापडेल तो सोडणाराच असेल.

मुलाने निलंबनाच्या रात्री काय केलं, असं मला दोघातिघांनी विचारलं. तो घसरला की टिकला? मला माहीत आहे. मी सांगणार नाही, ते गटातलं आहे.

मागण्या अशा :

१. मुलाचं निलंबन मागे घ्या आणि त्याला या सत्राच्या परीक्षेला बसू द्या. बुडालेल्या हजेरीचा दोष त्याच्यावर ठेवू नका.

२. लघवीच्या अहवालाची अट काढून टाका. उपचाराची गरज वाटत असेल तर त्याच्याशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवा.

३. फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये आहेत, कुणाला पाठवले, ते लेखी कळवा आणि सगळीकडून काढून टाका. चार दिवस पुरेत.

४. फळ्यावरची नोटीस उतरवा. जागा रिकामी वाटली तर तिथे १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आणि १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावा. दोन्ही फुकट आहेत.

५. समुपदेशन कक्षात बोललेलं शिस्तपालन समितीपर्यंत जाणार नाही असा ठराव करा. कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तोही लिहून ठेवा. हे जमणार नसेल तर दारावरची पाटी तरी काढा, म्हणजे पोरं फसणार नाहीत.

माफी मागा असं मी म्हणत नाही. मुलाच्या आईला वाटतं मागावी, तो त्यांचा प्रश्न.

उत्तर मला पाठवू नका. मुलाच्या घरच्या पत्त्यावर, बंद लिफाफ्यात, त्याच्या नावाने पाठवा. परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत तुमच्याच कार्यालयाने या महिनाअखेरीपर्यंत दिलेली आहे.

कळावे,
गटातला एक जण
भांडुप, मुंबई

ता. क. : हे पत्र फिरत फिरत कल्याणपर्यंत गेलंच तर त्या बाईंसाठी एक निरोप. गटातले जुने मेसेज आम्ही पुसलेत, नंबर न दिसणारी नवी सोय केलीय आणि रात्रीच्या पाळ्या पुन्हा लावतोय. साडेतीननंतर अजून कुणी नाही. आमच्याकडे पाणी पावणेपाचलाच येतं.